चालू स्थितीतले सुटे भाग

भंगारवाल्याने सर्किटचं हिरवं कार्ड तराजूच्या आकड्याला अडकवलं, काटा जरासा थरथरून थांबला, आणि तो म्हणाला, "पाव किलो. जेमतेम." त्यात त्याचं काही चुकलं नव्हतं. माणूस सभ्य होता, पाय पुसून आत आला होता, पाणी दिलं तर "कशाला त्रास" म्हणाला होता. पण ते शब्द कानी पडले आणि तिला दुसरं काही ऐकूच येईना. पाव किलो. हे कार्ड सोळा वर्षांपूर्वी एका पंपाच्या कपाटातून मेलेलं म्हणून बाहेर निघालं होतं, तीन दिवस भिंगाखाली धरून तिने त्यातली तुटलेली रेघ केसाएवढ्या तारेने सांधली होती, आणि ते जिवंत झाल्यावर दुरुस्ती विभागाचे प्रमुख, ज्यांना सगळे मास्तर म्हणत, त्यांनी कधी नव्हे ते तिला "शाबास" म्हटलं होतं. ते शाबास धरून पाव किलो की सोडून, असं विचारायचं अगदी तिच्या ओठांवर आलं. विचारलं नाही. "सगळंच घेतो," भंगारवाला खोलीभर नजर फिरवत म्हणाला, "टेम्पो लागेल. कधी येऊ?" दारात उभ्या असलेल्या वहिनींनी तिच्याकडे पाहिलं. तिने भिंतीकडे पाहून सांगितलं, "वीस तारखेला या. तोवर काही उरलं तर."

वीस तारीख वहिनींच्या आईमुळे ठरली होती. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर त्या कायमच्या इकडे राहायला यायच्या होत्या आणि घर होतं तीन खोल्यांचं. एक दादा-वहिनींची, एक बसा-जेवायची आणि एक तिची. तिच्या खोलीत अर्ध्या भागात तिची खाट होती आणि अर्ध्या भागात बावीस खोकी. खोकी गेली की दुसरी खाट येणार, हे सांगायला ज्योतिषी नको होता. कुणी भांडलं नव्हतं, कुणी टोमणा मारला नव्हता. वहिनी तर येता-जाता "वन्सं, घाई नाही हं" म्हणत, आणि त्या "हं"मध्येच सगळी घाई असे. सात महिन्यांपूर्वी पाणीपुरवठा कार्यालयाने दुरुस्ती विभाग बंद केला होता. नवे संगणक भाड्याने आले. बिघडला की भाडेवाला उचलून नेतो आणि दुसरा ठेवून जातो. मग दुरुस्त काय करायचं? भांडारपालाने तिला कपाटाची किल्ली दिली, तिची सही घेतली आणि म्हणाला, "हवं ते न्या बाई, सोमवारी बाकीचं फेकणार आहेत." तिने बाकीचं असं काही ठेवलंच नाही. लोक नोकरी संपवून घड्याळ नाहीतर शाल घेऊन घरी येतात, ही टेम्पो घेऊन आली. खोकी जिन्याने वर चढवताना दादा धापा टाकत म्हणाला होता, "यात सोनं असतं म्हणतात ना गं?" असतं, तिने सांगितलं होतं, नखाएवढं. दादाने त्यानंतरची खोकी जास्त धापा टाकत चढवली.

भंगारवाला गेल्यावर ती खाटेवर बसून राहिली. खोलीला दुरुस्ती विभागाचा वास होता. तापलेल्या धुळीचा, राळेचा आणि जुन्या पुठ्ठ्याचा. हा वास नाकात गेला की तिचे खांदे आपोआप खाली येत. आज आले नाहीत. तिला खोलीची चिंता नव्हती. म्हातारी बाई येऊन झोपली तर काय बिघडणार होतं, उलट सोबत झाली असती. तिला भीती वाटत होती ती वेगळीच, आणि ती तिने स्वतःशी सरळ बोलून टाकली. हे सगळं भंगार असेल, तर सव्वीस वर्षं आपण भंगारच जपत बसलो. बाकीचे हुशार होते, त्यांनी वेळेवर खाती बदलली, खुर्च्या बदलल्या. आपण तळघरात बसून मेलेल्या वस्तूंच्या नाड्या पाहत राहिलो. प्रत्येक भागाला दोऱ्याने बांधलेली पुठ्ठ्याची चिठ्ठी होती आणि तिच्यावर तिचं बारीक अक्षर: कुठून काढला, काय दुखत होतं, काय केलं, कधी तपासला. ही शिस्त मास्तरांची. "चिठ्ठीवाचून वस्तू ठेवायची म्हणजे पोर गर्दीत सोडायचं," असं ते म्हणत. आता ती पोरं टेम्पोत चढणार होती, आणि आपल्याला अजून रडू कसं येत नाही याचंच तिला नवल वाटलं.

वहिनींना मात्र रडण्याबिडण्यात रस नव्हता. त्या मुलांचे जुने कपडे फोनवरून विकत. त्यांच्या हाताखालून गेलेलं झबलं कुणाच्या अंगात चार महिने राहिलं असेल असं कुणी शपथेवर म्हटलं नसतं. "विकायचं ना? मग मी आहे," त्या म्हणाल्या. त्यांचे नियम तीन: वस्तू लख्ख करा, उजेडात मांडा, गोड बोला. "मांडण्याचं माझ्याकडे, बोलण्याचं तुमच्याकडे. फक्त गोड, वन्सं. तुम्ही बोलता ते खरं असतं, पण गोड नसतं." दुसऱ्याच दिवशी त्यांनी तिच्या खिडकीच्या रुंद कठड्यावर फिका निळा टॉवेल अंथरला आणि कार्डं एकेक पुसून ओळीने मांडली. ती बाहेरच्या खोलीत फोन घेऊन बसली. आत गेली की तिला तो निळा टॉवेल दिसे, उन्हात चमकणाऱ्या हिरव्या पाट्या दिसत, आणि ती मान फिरवून परत येई. पाव किलो ऐकल्यापासून तिला त्यांच्याकडे नीट पाहवत नव्हतं. सव्वीस वर्षांत पाहण्याशिवाय दुसरं काही न केलेल्या बाईने नेमकं तेव्हाच पाहिलं नाही, हे पुढे तिला फार लागलं.

जो बाजार वहिनींनी सुचवला तो सगळ्या जगाचा होता. तिथे सोफे होते, बाबागाड्या होत्या, एक पाय नसलेलं टेबल होतं आणि त्या सगळ्यांत हिची कार्डं. फोटोखाली तिने लिहिलं, चालू स्थितीतले सुटे भाग, तपासलेले. पहिल्या तासात पाच जणांनी विचारलं, "शेवटची किंमत?" पहिली किंमत कुणी वाचलीच नव्हती. एकाने विचारलं, यावर गेम चालेल का. एका बाईंना यांचं झुंबर करायचं होतं, सगळी फुकट मिळाली तर. एका गृहस्थाने रात्रंदिवस खल करून, म्हणजे निदान अकरा निरोप पाठवून, शेवटी विचारलं, "पण हे नेमकं काय आहे?" ती प्रत्येकाला उत्तर देत राहिली, गोड. गोड बोलून जबडा दुखतो हे तिला नव्यानेच कळलं. मग तिने तो बाजार सोडला आणि घरी संगणक जोडणाऱ्या हौशी लोकांच्या बाजारात गेली, की हे तरी जाणकार असतील. तिथे जाणकारच होते. दहा मिनिटांत एकाने लिहिलं, "आजी, हे संग्रहालयात द्या," आणि त्याखाली एकोणपन्नास जण हसले. तिने मोजले. एकोणपन्नास माणसं एका वेळी आपल्याला हसताहेत हे आयुष्यात कधी घडलं नव्हतं, आणि ती हसणारी तोंडं पिवळी, गोल, अगदी एकसारखी होती. तिने फोन पालथा ठेवला आणि भांडी घासायला गेली. भांडी वहिनींनी आधीच घासलेली होती. तिने ती पुन्हा घासली.

पातेल्यात नळाचं पाणी पडत होतं, आणि त्या आवाजातून तिला पंप आठवला. तो पंप बिघडला तेव्हा ती नोकरीला लागून दहा वर्षं झाली होती. अर्ध्या शहराचे नळ कोरडे, वरच्या मजल्यावरून फोनवर फोन, पंपघरात साहेब लोकांची ही गर्दी. प्रत्येकजण त्या दोन पुरुष उंचीच्या पंपाकडे डोळे लावून उभा. मास्तर मात्र पंपाकडे पाठ करून कोपऱ्यातल्या लोखंडी कपाटापाशी उकिडवे बसले होते आणि आतलं एक कार्ड बाहेर ओढत होते. "त्याच्याकडे काय बघताय," ते साहेबांना म्हणाले होते, "तो पहिलवान आहे. पण फिरू का म्हणून विचारतो या काडीला." तेव्हा सगळे हसले होते, तीही हसली होती. आता पातेलं भरून वाहू लागलं तरी तिने नळ बंद केला नाही. पहिलवान. नव्या संगणकाला जुनं कार्ड कशाला हवं? त्याला ते पायपुसण्यालाही नको. पण एखाद्या कारखान्यात एखादा पहिलवान असेल, घराच्या किमतीचा, हाडापेराने धडधाकट, आणि त्याच्या कपाटातली काडी मेली असेल. तो माणूस सुटे भाग शोधत नसेलच. तो कुठेतरी डोकं धरून बसला असेल आणि म्हणत असेल, माझं मशीन सुरू होत नाही. काखेत कळसा आणि गावाला वळसा! आपण दहा दिवस आपल्या मालाचं नाव घेऊन ओरडत फिरलो. त्याच्या दुखण्याचं नाव घ्यायला हवं होतं. ओल्या हातानेच तिने फोन उचलला आणि लिहिलं: मशीन सुरू होत नाही, लाल दिवा तीनदा लुकलुकतो. पंपघरातला तो दिवाही तीनदाच लुकलुकला होता.

एक कट्टा सापडला. फोनवरचाच, पण कट्टाच तो. जुनी यंत्रं चालू ठेवणारी माणसं तिथे येऊन एकमेकांना आपापली रडगाणी सांगत. लाकूड कापणारे होते, छापखानेवाले होते, औषधाच्या गोळ्या पाडणारा एकजण होता. सगळे टोपणनावांनी लिहीत, आणि कुणी कुणाला हसत नव्हतं. ज्याचं जळतं त्यालाच कळतं. ती तासभर नुसती वाचत राहिली आणि तिला वाटलं, आपण तळघरात शिरलो आहोत, दिवा लागलेला आहे आणि कुणीतरी चहा टाकला आहे. मोजेवाला नावाच्या माणसाने लिहिलं होतं की मोजे विणायची चार मशीनं, त्यातलं मोठं तीन आठवड्यांपासून बंद, लाल दिवा तीनदा लुकलुकतो, कंपनी बुडाली, नवं मशीन घ्यायचं तर कारखाना विकावा लागेल. कपाट पंपघरातल्याच कंपनीचं होतं, आणि त्या कंपनीच्या सगळ्या कपाटांत कार्ड एकच असे. तिने आपल्या पंपाच्या कार्डाचा फोटो टाकला, टॉवेलसकट. उत्तर आलं ते एवढंच: "ताई, टॉवेल सुंदर आहे. चिपवरच्या स्टिकरचा नंबर सांगा."

ती खोलीत गेली, कार्ड हातात घेतलं, आणि दहा दिवसांत पहिल्यांदा त्याच्याकडे पाहिलं. स्टिकर नव्हता. त्या कार्डावर नव्हता, शेजारच्यावर नव्हता, कठड्यावरच्या चौदांपैकी एकावरही नव्हता. त्या जुन्या चिपच्या पाठीवर काचेची एक बारीक खिडकी असते. आत कार्डाने काय करायचं ते सगळं लिहिलेलं असतं, आणि ते लिहिलेलं उन्हाने पुसतं. हळूहळू, पण पुसतं. म्हणून खिडकीवर काळा स्टिकर लावायचा आणि तो जिवात जीव असेपर्यंत काढायचा नाही, हे तिला मास्तरांनी पहिल्याच आठवड्यात सांगितलं होतं. आता चौदा खिडक्या डोळे उघडून तिच्याकडे पाहत होत्या, आणि ऊन थेट त्यांच्यावर पडलं होतं. "वहिनी," तिने हाक मारली, "स्टिकर कुठायत?" "कसले? ते मळकट काळे? किती चिवट होते मेले, कोमट पाणी लावून लावून काढले." वहिनी मोठ्या अभिमानाने म्हणाल्या. तिने त्यांना सांगितलं. ओरडून सांगायचं होतं, पण ओरडता आलं नाही, कारण चूक वहिनींची नव्हतीच. कपडा उन्हात घालतात. चिप उन्हात घालत नाहीत हे वहिनींना कोण सांगणार होतं? जिला माहीत होतं ती बाहेरच्या खोलीत गोड बोलत बसली होती.

"त्याला सांगू नका," वहिनी हळूच म्हणाल्या. "दहा दिवस तर ठेवलं होतं. असेल ठीक. गिऱ्हाइकाला असं कुणी सांगतं का?" तिने तेव्हाच लिहिलं. स्टिकर घरात नजरचुकीने निघाला आहे, कार्ड दहा दिवस बंद काचेच्या आत उन्हात होतं, तपासून उद्या सांगते, बाद असेल तर बाद म्हणून सांगीन. पाठवलं, आणि मग तिला भीती वाटली. कारण आता तपासायलाच हवं होतं, आणि तपासलं की कळणार होतं. आतापर्यंत निदान कळलेलं तरी नव्हतं.

सकाळी दादाने सतरावं खोकं खाली उतरवून दिलं. त्यात चिप वाचायचं तिचं यंत्र होतं. जेवणाच्या टेबलावर तिने ते मांडलं, वायर लावली, आणि मोजेवाल्याची चिप कार्डातून अलगद उपसून त्यात बसवली. चिप सरळ बसली; बोटांना तिच्या भीतीशी काही देणंघेणं नव्हतं. यंत्र चिपमधल्या सगळ्या मजकुराची एक बेरीज करतं. आतलं एक अक्षर पुसलं तरी बेरीज चुकते. बरोबर बेरीज कुठली ते चिठ्ठीवर होतं. चिठ्ठ्या वहिनींना काढायच्या होत्या, पण गाठी मास्तरांच्या पद्धतीच्या, सुटेनात, म्हणून त्यांनी त्या फोटोपुरत्या मागे दडवल्या होत्या. वहिनींनी चिठ्ठी हातात धरली. "वाचू?" "थांबा." पडद्यावर रेघ सरकत होती. तिला सोळा वर्षांपूर्वीचं भिंग आठवलं, त्याखालची तुटलेली रेघ, आणि डोळ्यांत पाणी येऊ द्यायचं नाही, थेंब पडेल, ही तेव्हाची काळजी. "तीन," ती पडद्यावरचं वाचू लागली, "नऊ." "हो," वहिनी म्हणाल्या. "एक." "हो." "सात." तिने मान वळवली. वहिनी चिठ्ठी तोंडावर दाबून रडत होत्या. "सातच आहे हो," त्या म्हणाल्या, "सातच आहे, वन्सं." एकेक करत चौदाही चिपा तिने तपासल्या, आणि चौदाही बेरजा जुळल्या. धूळ येते म्हणून वहिनी खोलीची ती खिडकी वर्षानुवर्षं उघडू देत नसत आणि त्यावरून दोघींचं कितीदा वाजलं होतं. त्या बंद काचेने उन्हातलं पुसणारं बळ अडवून धरलं होतं. दादा चहाचा कप घेऊन हे सगळं पाहत होता. त्याने विचारलं, "म्हणजे चांगलं झालं ना?" दोघी एकदम "हो!" म्हणून अशा ओरडल्या की चहा बशीत सांडला.

तिने नवे काळे स्टिकर लावले, नंबर लिहिले, आणि कट्ट्यावर जे झालं ते जसंच्या तसं सांगितलं, टॉवेलसकट. छापखानेवाल्याने खाली लिहिलं, विचारायच्या आत मालाचं दुखणं सांगणारा विकणारा मी वीस वर्षांत पहिल्यांदा पाहतोय. मोजेवाल्याला किंमत सांगितली तर तो बिचकला. "एवढं स्वस्त कसं? खरं सांगा, काही बिघाड आहे का?" वहिनींनी तिच्या हातातून फोन घेतला, "गोड बोलायचं काम आता मी करते," म्हणाल्या आणि किमतीपुढे एक शून्य वाढवलं. तो ताबडतोब हो म्हणाला. कार्ड गेलं. तीन दिवसांनी दुपारी मोजेवाल्याचा फोन आला, पण बोलणं ऐकू येईना. त्याने फोन मशीनपाशी धरला होता. खटखट, सर्र, खटखट, सर्र. तिने डोळे मिटले. आपण कधी पाहिलेलं नाही अशा खोलीत, ओळख नसलेल्या माणसापाशी, आपण सांधलेल्या एका रेघेवरून एक पहिलवान फिरत होता आणि त्याच्या पायाशी मोजे पडत होते. "ऐकलंत का, ताई?" तो आवाजावर आवाज चढवून ओरडला. "ऐकतेय," ती म्हणाली. "पट्टा थोडा सैल आहे तुमचा. आवाज येतोय." पलीकडे क्षणभर नुसतं खटखट, सर्र. मग तो म्हणाला, "आहे खरा!" आणि मोठ्याने हसू लागला, आणि तीही हसली, इतकी हसली की तिला खुर्ची धरावी लागली. भंगार नव्हतं ते. एक दिवसही नव्हतं. बाजार चुकला होता एवढंच.

मग लाकूड कापणारे आले. गोळ्या पाडणारा आला, त्याला चौथ्या खोक्यातलं कार्ड हवं होतं आणि ती किंमत टाइप करत असताना वहिनींनी नेहमीसारखं शून्य वाढवायला हात पुढे केला, तर ती म्हणाली, "थांबा, दोन." छापखानेवाल्याला माल नकोच होता. त्याने आपलं बिघडलेलं कार्डच पाठवून दिलं, सोबत ओळ: तुम्ही हात लावाल तर जिवंत होईल. दोन दिवसांनी तशी आणखी तीन आली. म्हणजे बावीस खोक्यांतली पाच रिकामी झाली आणि दोन नवी भरली. एकोणीस तारखेच्या सकाळी वहिनींनी परस्पर भंगारवाल्याला येऊ नका म्हणून कळवून टाकलं. तिने विचारलं तेव्हा "तो काय, पुन्हा कधीही येईल" म्हणून त्यांनी विषय मोडला.

दुपारी ती खोलीत टेबलाशी बसली होती. भिंगाखाली छापखानेवाल्याचं कार्ड होतं, सांधायच्या डाखणीचं टोक तापलेलं, राळेचा धूर सरळ वर चढत होता. बाहेर फोन वाजला आणि वहिनींचा आवाज दारातून आत येऊ लागला. "हो आई, उद्या दहाला यांना पाठवते घ्यायला... नाही, त्या खोलीत नाही, आमच्या खोलीत. तू आणि मी... हे? हे झोपतील बाहेर." "मला कुणी विचारलं का?" दादाचा आवाज आला. "तुम्ही कुठेही घोरता," वहिनी म्हणाल्या, आणि पुन्हा फोनवर, "अगं नाही, खोकी कुठली काढतेस? ती नाही निघायची आता." पलीकडून बराच वेळ काहीतरी बोलणं झालं असावं. तिने डाखणी हवेत तशीच धरून ठेवली. "वन्सं? आहेत ना," वहिनी म्हणाल्या, "पण आत्ता नाही यायच्या फोनवर. कामात आहेत त्या."

सात महिन्यांत तिच्याबद्दल असं कुणी म्हटलं नव्हतं. सगळे "घरीच असतात" म्हणत, आणि ती स्वतःही तेच म्हणू लागली होती. तिला उठून बाहेर जावंसं वाटलं, वहिनींना मिठी मारावीशी वाटली, त्या म्हातारीशी दोन शब्द बोलावेसे वाटले. पण रेघ अर्धी सांधली होती, आणि अशा वेळी उठायचं नसतं. तिने मान खाली घातली आणि डाखणी टेकवली.